शंभरीच्या आधी यादी द्या : प्रसार भारतीला खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य,
प्रसार भारती मंडळ, नवी दिल्ली

स. न. वि. वि.

मी पोस्टातला निवृत्त कारकून. 1974 साली चिकटलो. पहिली दहा वर्षं ज्या काउंटरवर बसलो तिथं मनिऑर्डरी आणि रजिस्टर पत्रांबरोबर रेडिओचे परवानेही व्हायचे. नातवाला हे सांगितलं तर तो हसतो. गाणी ऐकायला परवाना? होता, बाबा. पासबुकासारखं एक छोटं पुस्तक असायचं. त्यात मालकाचं नाव, पत्ता, सेटची माहिती. माणूस वर्षाला पंधरा रुपये घेऊन यायचा, आम्ही पुस्तकात परवान्याचं तिकीट चिकटवायचो आणि त्यावर तारखेचा शिक्का हाणायचो. टीव्ही आला तेव्हा त्याचे पन्नास. परवाना नसेल तर इन्स्पेक्टर दारात यायचा आणि सेट उचलून न्यायचाही त्याला अधिकार होता. आमच्याकडे एक आजी यायच्या. दरवर्षी त्यांचा एकच प्रश्न, "अरे, यंदा मशीन निम्मं वर्ष बंदच होतं, तरी पुरे भरायचे का?" पुरेच भरायचे असत. पदराच्या गाठीतून नोटा निघायच्या, त्या काउंटरवर पसरून आधी सपाट करायच्या, मग माझ्याकडे सरकवायच्या. ऐंशीच्या दशकाच्या मध्याला परवाना गेला आणि ते काउंटर मोकळं झालं.

तेव्हा हे पत्र लिहायचा मला काय अधिकार, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर तो शिक्का आहे. लोकांनी पैसे दिले, पावती मी दिली. माल कुठं ठेवलाय, एवढंच विचारायचं आहे.

23 जुलै 2027 ला आकाशवाणीच्या मुंबई केंद्राला शंभर वर्षं होतील. त्या दिवशी काय काय होईल याचा मला चांगला अंदाज आहे, सरकारी नोकरीत उभा जन्म गेला. समई पेटेल. टपाल तिकीट निघेल, ते आमच्याच खात्याचं. एक माहितीपट, एक स्मरणिका, शाल-श्रीफळ. होऊ दे सगळं, माझं काही म्हणणं नाही. माझी मागणी त्याच्या आधीची आणि फार रुक्ष आहे. तुमच्या कपाटांत आजघडीला कोणता आवाज आणि कोणतं चित्र आहे, त्याची केंद्रवार यादी लोकांसमोर ठेवा. होतं आणि आता नाही, तेही त्याच यादीत लिहा. आमच्या खात्यात तिकिटांचा साठा मोजताना एक तिकीट कमी भरलं तरी तसं लिहावं लागायचं. कमी आहे हे लिहिण्यात कमीपणा नसतो, हे पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं आम्हाला.

त्या 23 जुलैची गोष्ट आपण नेहमी अर्धीच सांगतो. 1927 साली लॉर्ड आयर्विन आले, मुंबई केंद्राचं उद्घाटन झालं, महिन्याभरानं कलकत्ताही सुरू झालं. पुढचं कुणी सांगत नाही की ती कंपनी बुडाली. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी खासगी होती. ट्रान्समीटर दीड किलोवॅटचे, आवाज जेमतेम पन्नासेक किलोमीटर जाणार. परवाना वर्षाला दहा रुपये, आणि त्या वर्षाच्या अखेरीस अख्ख्या देशात परवाने होते साडेतीन हजारांच्या आसपास. 1930 च्या मार्चमध्ये कंपनीचं दिवाळं वाजलं. एप्रिलमध्ये सरकारनं कारभार हाती घेतला. 1931 च्या ऑक्टोबरात सरकारही म्हणालं, परवडत नाही, बंद करू. ओरड झाली, आणि 1932 च्या मे महिन्यात कायम चालवायचं ठरलं. पाच वर्षांत दोनदा तिरडी बांधून झाली होती म्हणा ना. ज्यांनी तेव्हा ओरड केली त्यांत ऐकणारे होते आणि सेट विकणारे व्यापारीही होते. शंभरीच्या भाषणात कुणीतरी त्यांची आठवण काढावी.

1935 मध्ये बीबीसीतून लायोनेल फील्डन आले. 'इंडियन स्टेट ब्रॉडकास्टिंग सर्व्हिस' हे बाबूछाप नाव त्यांना सोसवेना, आणि 8 जून 1936 ला 'ऑल इंडिया रेडिओ' झालं. त्याच सुमारास म्हैसूरला एम. व्ही. गोपालस्वामी नावाचे मानसशास्त्राचे प्राध्यापक घरातच केंद्र चालवत होते. 'आकाशवाणी' हे नाव तिथलं. सरकारनं ते वीसेक वर्षांनी उचललं आणि इंग्रजी नाव सोडायला 2023 उजाडावं लागलं. सकाळी केंद्र उघडताना वाजते ती धून बांधणारे वॉल्टर कॉफमन हे हिटलरच्या भीतीनं मुंबईत आलेले ज्यू संगीतकार, मुंबई केंद्राच्या पाश्चात्य संगीत विभागात नोकरीला. आमच्या घरी ती धून वाजली की आई चुलीवर चहाचं आधण ठेवायची. परदेशातून जीव वाचवून आलेल्या माणसाच्या धुनेवर आमचा चहा उकळायचा, हे तिला कधी कळलं नाही.

स्वातंत्र्याच्या वेळी फाळणीत लाहोर, पेशावर, ढाका गेली आणि आपल्याकडे सहा केंद्रं उरली. देशाच्या अडीच टक्के भूभागावर आणि अकरा टक्के लोकांपर्यंत आवाज पोचायचा. मराठी मुलखाला एकटं मुंबई. नागपूर 1948 चं, पुणं 2 ऑक्टोबर 1953 चं.

पुणं आलं की मला माझ्या वडिलांकडे यावं लागतं.

वडील नगर जिल्ह्यातल्या एका गावात प्राथमिक शिक्षक होते. 1956 साली युनेस्कोच्या मदतीनं पुणे केंद्रानं एक प्रयोग केला. कल्पना मूळची कॅनडातली. मराठी मुलखातल्या पाच जिल्ह्यांत दीडशेच्या आसपास गावं निवडली, प्रत्येक गावात पंधरा-वीस जणांचं श्रोता मंडळ. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम, असे एकूण वीस. कार्यक्रम संपला की मंडळानं तिथंच बसून चर्चा करायची, काय ठरलं ते लिहायचं, शंका असतील त्या पुण्याला कळवायच्या, आणि त्यांची उत्तरं पुढच्या कार्यक्रमात मिळायची. ऐका, बोला, करा. आमच्या गावच्या मंडळाचे निमंत्रक वडील होते. लिहिता येणारा माणूस तोच.

त्यांची वही माझ्याकडे आहे. शाळेची दुरेघी वही, वर पुट्ठा नाही, दोरीनं शिवलेली. एका पानावर आहे ते जसंच्या तसं उतरवतो :

"विषय कंपोस्ट खत. हजर 17. सेट सुरुवातीस खरखर, नंतर साफ. तुकाराम यांचे म्हणणे खड्डा गावाबाहेर असावा. बायकांना लांब पडते असे सौ. पाटलीणबाई ओट्यावरून म्हणाल्या. त्या सभासद नाहीत तरी म्हणणे लिहून घेतले. ठराव : दोन खड्डे, एक वेशीजवळ. शंका : कडुलिंबाचा पाला घालावा काय. पुण्यास कळविले."

पुढच्या पानावर उत्तर आल्याची नोंद आहे. "पुण्याहून उत्तर आले. आपल्या गावाचे नाव घेतले. सर्वांस आनंद." कडुलिंबाचं काय ठरलं हे मात्र वडील लिहायला विसरले. आनंदाच्या भरात.

या प्रयोगाचं मूल्यमापन टाटा समाजविज्ञान संस्थेनं केलं, पॉल न्यूराथ या समाजशास्त्रज्ञाच्या देखरेखीखाली. हे मूळचे व्हिएन्नाचे, नाझींच्या छळछावणीतून सुटून अमेरिकेत गेलेले. आपल्या रेडिओच्या पायात किती परागंदा माणसांचे दगड आहेत बघा. त्यांनी मंडळ असलेली गावं, नुसता रेडिओ असलेली गावं आणि रेडिओच नसलेली गावं अशी तुलना केली. मंडळाच्या गावांत लोकांची जाण सगळ्यात जास्त वाढलेली दिसली. नुसता रेडिओ ठेवून फार काही होत नाही, ऐकल्यावर चार माणसांनी एकत्र बोलावं लागतं, हे तेव्हा कळलं. 1959 नंतर ही मंडळं देशभर काढली गेली.

अहवाल छापला गेला, तो वाचायला मिळतो. आकडे राहिले. माझा प्रश्न त्या वीस कार्यक्रमांचा आहे. ज्या आवाजानं पुण्यातून आमच्या गावाचं नाव घेतलं, तो यादीत आहे का? नसेल तर 'नाही' असं लिहा. मी रागावणार नाही. त्या काळी टेप महाग होती, एकच टेप पुसून पुन्हा वापरायची, हे मलाही समजतं. आम्ही पोस्टात लिफाफे उलटे करून वापरलेत. पण काय पुसलं हे कुठंतरी लिहिलेलं असेल ना?

त्याच्या आदल्याच वर्षी, 1955 च्या रामनवमीला, पुण्याहून गीतरामायण सुरू झालं. केंद्राचे सीताकांत लाड, लिहिणारे ग. दि. माडगूळकर, चाली सुधीर फडक्यांच्या. वर्षभर चाललं, 56 गीतं. शुक्रवारी सकाळी नवं गाणं, शनिवारी आणि रविवारी तेच पुन्हा. लोक रेडिओला हार घालायचे, हे इतक्यांनी सांगून झालंय की मी नव्यानं सांगत नाही. मला त्यातली दुसरी एक आठवण जास्त जवळची वाटते. पहिल्याच गीताचा कागद म्हणे ऐन वेळी गहाळ झाला. प्रसारण तोंडावर. तेव्हा लाडांनी माडगूळकरांना खोलीत बसवलं, बाहेरून कडी घातली आणि गीत पुन्हा लिहून घेतलं. कागद हरवला तर कवीला कोंडता येतं. टेप हरवली तर कुणाला कोंडणार? आज घरोघरी वाजतं ते बहुतेक फडक्यांच्या एकट्याच्या आवाजातलं ध्वनिमुद्रण. रेडिओवर ते अनेक गळ्यांतून आलं होतं. माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, राम फाटक, मालती पांडे, ललिता फडके, लता मंगेशकर. 56 पैकी रेडिओवरची मूळ किती तुमच्याकडे धडधाकट आहेत, हा एक आकडा जरी तुम्ही जाहीर केलात तरी पुण्यात पेढे वाटले जातील.

आता जरा बोचेल असं लिहितो, पण त्याशिवाय माझं म्हणणं पुरं होत नाही.

1942 च्या ऑगस्टमध्ये मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी गुप्तपणे काँग्रेस रेडिओ चालवला. वय बावीस. 27 ऑगस्टला पहिलं प्रसारण, 42.34 मीटरवर, 'हिंदुस्थानात कुठूनतरी'. जागा बदलत, पोलिसांना चकवत जेमतेम अडीच महिने. 12 नोव्हेंबरला पोलीस दारं फोडून आत शिरले तेव्हाही प्रसारण चालू होतं. मग आज आपल्याला त्या रेडिओवर काय बोललं गेलं हे कसं माहीत? कारण पोलीस ऐकत होते आणि लिहून घेत होते. पुरावा म्हणून. तो कागद फायलीत राहिला, फाइल दप्तरात राहिली, आणि अभ्यासकांनी पुढं त्यातूनच ही प्रसारणं बाहेर काढली. म्हणजे ज्या सरकारला तो आवाज बंद पाडायचा होता, त्याच्या कारकुनानं तो आपल्यासाठी जपला. मी कारकून आहे, मला या गोष्टीचा अभिमानही वाटतो आणि लाजही वाटते. शत्रूनं ठेवलं तेवढं तरी आपण आपलं ठेवू की नाही?

योगायोग असा की बरोबर पाच वर्षांनी, 12 नोव्हेंबर 1947 ला, गांधीजी दिल्लीच्या ब्रॉडकास्टिंग हाउसमध्ये आले आणि कुरुक्षेत्रातल्या निर्वासितांशी रेडिओवरून बोलले. स्टुडिओत येऊन बोलले ते तेवढ्या एकदाच. तो दिवस तुम्ही लोकसेवा प्रसारण दिन म्हणून पाळता. उषाताईंच्या अटकेचाही तोच दिवस आहे, हे त्या दिवशी एका वाक्यानं सांगितलंत तर काही खर्च येणार नाही.

गोव्याचंही तसंच. 1955 च्या नोव्हेंबरपासून मुक्तीपर्यंत वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी सह्याद्रीच्या जंगलात बसून कोकणी आणि पोर्तुगीजमधून गुप्त केंद्र चालवलं. आंबोलीच्या पावसात एखादं यंत्र चालवून बघा, म्हणजे कळेल. पोर्तुगीजांचं पणजीतलं केंद्र 1961 च्या डिसेंबरात गेलं आणि जानेवारी 1962 मध्ये आपलं आलं. या दोन केंद्रांच्या बाहेर जे आवाज होते त्यांची जागाही शंभर वर्षांच्या यादीत आहे, मग ते तुमच्या मालकीचे असोत-नसोत.

तुमच्या आधीच्या लोकांनी काय ऐकवायचं नाही हे ठरवण्यात जेवढी शक्ती घालवली, तेवढी ठेवण्यात घातली असती तर हे पत्र लिहावंच लागलं नसतं. 1940 पासून 1971 पर्यंत पेटीला रेडिओवर बंदी. पेटीला! ज्या मुलखात भजनाला दुसरं काही लागत नाही तिथं. मग बाळकृष्ण विश्वनाथ केसकर मंत्री झाले, आपलेच मराठी गृहस्थ, शास्त्रीय संगीताचे भोक्ते. त्यांच्यामुळे रेडिओवर शास्त्रीय संगीताला मानाचं पान मिळालं, संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम 1952 ला सुरू झाला, हे मी नाकारत नाही. पण चित्रपट संगीत त्यांनी इतकं आवळलं की लोकांनी काटा फिरवून सरळ रेडिओ सिलोन, म्हणजे श्रीलंकेचं केंद्र, लावलं. त्यावरचे निवेदक अमीन सयानी मुंबईत बसून बोलायचे, टेप विमानानं कोलंबोला जायची आणि आवाज समुद्रावरून परत आमच्या ओसरीवर यायचा. आमच्या सरकारला न सांगता आमचाच माणूस परदेशी पाहुणा होऊन यायचा. शेवटी 3 ऑक्टोबर 1957 ला विविध भारती काढावी लागली. दहा वर्षांनी, 1 नोव्हेंबर 1967 ला, त्यावर जाहिराती सुरू झाल्या, त्याही पहिल्यांदा मुंबई-पुणे-नागपूरवर. जाहिरातीचा पैसा तेव्हापासून येतोय, म्हणजे केवळ लोकांच्या पंधरा रुपयांवर चाललं असंही नाही. हिशेबात दोन्ही धरा.

आणीबाणीत किशोरकुमारची गाणी बंद झाली. बातम्यांचं काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. तेव्हा आमच्या पोस्टात दुपारच्या चहाला जे लोक जमायचे ते रात्री बीबीसी लावायचे आणि सकाळी एकमेकांना कुजबुजत सांगायचे. परवाना मात्र भारत सरकारचाच काढायचे, माझ्याकडे.

स्वायत्ततेची कहाणी तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त पाठ असणार. चंदा समिती 1966, वर्गीस समिती 1978, प्रसार भारती कायदा 1990 मध्ये, अंमल 1997 मध्ये. मधे 1995 च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की प्रसारणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. मला कायदा फार कळत नाही. पण लहरी जर सगळ्यांच्या, तर त्यांवरून गेलेलं आणि डब्यात राहिलेलं कुणाचं?

टीव्हीबद्दल थोडक्यात लिहितो, कारण तिथं माझा जीव तितका अडकलेला नाही. 15 सप्टेंबर 1959 ला दिल्लीत प्रयोग म्हणून सुरू झालं. दुसरं केंद्र मुंबईचं, त्यासाठी तेरा वर्षं थांबावं लागलं, 2 ऑक्टोबर 1972. वरळीचा मनोरा. 1975-76 मध्ये अमेरिकेच्या उपग्रहावरून सहा राज्यांतल्या 2400 खेड्यांना वर्षभर शिक्षणाचे कार्यक्रम दाखवले, त्यात महाराष्ट्र नव्हता. आपल्याला दिसलं ते मुंबईचंच. 'आमची माती आमची माणसं', 'गजरा', 'ज्ञानदीप', 'प्रतिभा आणि प्रतिमा', आणि येणाऱ्या आठवड्यात काय लागणार हे सांगणारी 'साप्ताहिकी'. आमच्या चाळीत एक सेट आणि समोर पन्नास माणसं. ज्याच्या घरी सेट त्याची बायको रविवारी स्वयंपाक आदल्या रात्री करून ठेवायची, कारण दिवसभर ओट्यापर्यंत जायला वाट नसायची. मराठी बातम्या स्मिता पाटील वाचायच्या, भक्ती बर्वे वाचायच्या, पुढं प्रदीप भिडे. स्मिताबाईंचे चित्रपट सगळे बघता येतात. बातम्या वाचणारी स्मिता, काठाची साडी, मोठं कुंकू, कॅमेऱ्याकडे थेट बघणारे ते डोळे, अशी किती मिनिटं आज शिल्लक आहेत? हाही यादीचाच एक रकाना.

1976 च्या 1 एप्रिलला दूरदर्शन आकाशवाणीपासून वेगळं झालं. 1982 ला रंग आला. 1984 ला मालिका आल्या. 1992 च्या ऑक्टोबरात झी आलं आणि मग तुमच्या सेटसमोरची गर्दी पांगली. मराठी वाहिनीला 'सह्याद्री' हे नाव 2000 साली मिळालं. पुढचं सगळ्यांच्या डोळ्यांसमोरचं आहे.

आता तुमच्याकडून काय उत्तर येईल ते मीच लिहून टाकतो, कागद वाचेल.

एक, आमचं काम चालू आहे. मान्य. दिल्लीत तुमचं ध्वनी-संग्रहालय आहे, सीडी निघाल्या, यूट्यूबवर बरंच टाकलंत, 2024 च्या नोव्हेंबरात गोव्यातल्या चित्रपट महोत्सवात 'वेव्ह्ज' नावाचं ॲपही सुरू केलंत. टाळेबंदीत 2020 च्या मार्चअखेर जुनं रामायण पुन्हा लावलं तेव्हा अख्खा देश परत दूरदर्शनसमोर बसला. जुन्या मालाची किंमत तुम्हालाही कळली. पण दुकानाच्या काचेत मांडलेला माल म्हणजे गोदामाची यादी नव्हे. काचेत भीमसेन जोशी असतात, आणि असावेतच. 'कामगार सभा' कार्यक्रमात डफावर पोवाडा म्हणणारा गिरणीतला जॉबर काचेत नसतो. 'वनिता मंडळा'त पापडाच्या पिठाबद्दल बोलणारी बाई नसते. तिची नोंद यादीतच होऊ शकते, दुसरीकडे कुठंही नाही.

दोन, हक्कांचा प्रश्न. हा खरा आहे. कलावंतांशी करार त्या एका प्रसारणापुरते असत, त्यांचे वारस आहेत, लेखकाचा हक्क मृत्यूनंतर 60 वर्षं चालतो. माडगूळकर 1977 मध्ये गेले, म्हणजे हिशेब 2037 पर्यंत. ऐकवायला अडचण आहे हे मी समजू शकतो. यादी द्यायला कोणता हक्क आडवा येतो? कार्यक्रमाचं नाव, तारीख, बोलणाऱ्याचं नाव, किती मिनिटं, टेप कोणत्या स्थितीत. यात कुणाच्याही कवितेची ओळ नाही. उलट यादी लागली की वारस स्वतःहून पुढं येतील. आपल्या आजीचं नाव दिसलं तर कोण घरी बसेल?

तीन, माणसं नाहीत. हेही खरं, केंद्रं ओस पडत चालली आहेत. पण टेपच्या डब्यावरची चिठ्ठी वाचून वहीत उतरवायला इंजिनिअर लागत नाही. महाराष्ट्रात माझ्यासारखे निवृत्त कारकून रग्गड आहेत. आम्हाला अक्षर चांगलं आहे, दुपारी झोप लागत नाही आणि खाडाखोड न करता तक्ता भरायची सवय आहे. दोन वेळा चहा द्या. पुणे, नागपूर, मुंबई, रत्नागिरी, परभणी, सांगली, जिथं कपाट असेल तिथं येऊ. मी हे थट्टेनं लिहीत नाही.

आणि चौथं मी सुचवतो. जे तुमच्याकडे नाही ते लोकांकडे असू शकतं. सत्तरच्या दशकाच्या शेवटाला दुबईहून टेपरेकॉर्डर यायला लागले, तेव्हापासून लोकांनी रेडिओसमोर यंत्र ठेवून काय काय उतरवून घेतलं आहे. मधेच कुकरची शिट्टी, मधेच "ए हळू, रेकॉर्ड होतंय" असा कुणाचा तरी दटावणीचा आवाज. माझ्याही घरात आहेत. 'पुन्हा प्रपंच' या रेडिओ मालिकेतले टेकाडे भावजी, म्हणजे बाळ कुडतरकर, आणि त्यांच्या मागं माझ्या आईचं हसू. ती आता नाही. मला टेकाडे भावजी तुमच्याकडून स्वच्छ मिळाले तर हवेत, पण ही कॅसेट मी टाकणार नाही. अशा कॅसेटी स्वीकारायला, ऐकून नोंद करून परत द्यायला, प्रत्येक केंद्रावर आठवड्यातला एक दिवस ठेवा. पोस्टात बचत खात्याला जशी खिडकी असते तशी एक खिडकी.

सुरुवात मीच करतो. माझ्याकडची यादी या पत्रासोबत जोडली आहे. एक वही, 1956, पानं 38, शेवटची दोन वाळवीनं खाल्लेली. रेडिओ परवान्याची पुस्तकं दोन, एक वडिलांचं, एक माझं, सर्व तिकिटं शिक्क्यासह. कॅसेटी 41. त्यांतल्या 27 वर तारीख आहे, 8 वर फक्त "आकाशवाणी, छान" असं आईच्या अक्षरात लिहिलं आहे, आणि 6 चालत नाहीत, तसं समोर लिहिलं आहे.

तुमची यादी आली की पोच देतो.

आपला,
एक निवृत्त टपाल कारकून